नव्या पेठेतून बाहेर पडताना

दिवाळीत पुण्याच्या नव्या पेठेतल्या मेस बंद असतात. वसुबारसेच्या आधीच स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं गावाकडे निघतात. शास्त्री रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांभोवतीचा घोळका विरतो, गांजवे चौकातून संध्याकाळीसुद्धा सरळ चालता येतं. तरी अभ्यासिकांमधले काही दिवे लागलेले असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिथं बसलेल्यांपैकी फार थोडी मुलं अभ्यासासाठी थांबलेली असतात. बाकीच्यांना घरी फराळाच्या ताटाबरोबर येणारा एक प्रश्न चुकवायचा असतो. ‘मग, काय झालं तुझ्या परीक्षेचं?’

मी तो प्रश्न तीन दिवाळ्या चुकवला. २००८च्या पावसाळ्यात बी.ए.ची पदवी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन पुण्यात आले, कॉट बेसिसवर राहिले, चार वर्षं राज्यसेवेची तयारी केली आणि २०१२ साली थांबले. या वाटेवर आत यायला सगळं होतं. क्लासच्या पाट्या होत्या, गावातले आधी आलेले सीनियर होते, निवड झालेल्यांची भाषणं होती, वडिलांनी काढलेलं कर्जही होतं. बाहेर पडायला मात्र कुणी नव्हतं. आठ महिने मी घरी नुसती बसून होते. मग एका ओळखीच्या बाईंनी एका प्रकाशकाकडे पाठवलं आणि मुद्रितशोधनाचं काम मिळालं. त्या बाईंनी माझ्यासाठी दोनच गोष्टी केल्या. मला समोर बसवून तासभर ऐकून घेतलं आणि एक फोन केला.

आज मी पुस्तकांच्या संपादनाचं काम करते. गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी दहा ते एक मैत्रिणीच्या अभ्यासिकेतल्या खालच्या खोलीत एक टेबल मांडून बसते. स्पर्धा परीक्षा सोडायचं ज्यांनी ठरवलंय, किंवा सोडावी का या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी ते टेबल आहे. बायोडेटा लिहायचा, जाहिराती वाचायच्या, फोन करायचे, एवढंच काम. फी नाही, पाटी नाही. एकाचं ऐकून दुसरा येतो. इथं ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे, त्यांची नावं दिलेली नाहीत. त्यांच्यातल्या काहींच्या घरी अजून सांगायचं राहिलंय.

आधी थोडं गणित, कारण ते नीट मांडल्याशिवाय या मुलांवरचा आळशीपणाचा शिक्का पुसला जात नाही. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या. अर्ज दहा लाखांहून जास्त आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेपेक्षा जास्त माणसं. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते, त्यात अभियंते होते, पदव्युत्तर शिकलेले होते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या वर अर्ज येतात आणि जागा निघतात हजाराच्या आसपास. सगळ्यांनी रोज चौदा तास अभ्यास केला तरी जागा वाढणार नाहीत. दोनशेतला एक घेतला जाईल आणि उरलेले एकशे नव्याण्णव जण पदवीधरच राहतील, फक्त वयानं आणखी मोठे.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालात पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर दिसली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालातही तेच चित्र आहे. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडतच नाही, तो मिळेल त्या कामाला जातो. शिकलेल्याला घरानं पोटाला चिमटा काढून शिकवलेलं असतं, म्हणून त्या शिक्षणाला साजेशा कामाची तो वाट पाहतो आणि घरही त्याच्यासोबत थांबून राहतं.

ही वाट लांबण्याची कारणं मुलांच्या हातातली नाहीत. २०१६ पासून राज्यातल्या सरकारी नोकरीसाठी वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ झाली. निर्णय सहानुभूतीतून झाला, अनेकांना त्याचा फायदाही झाला, पण त्यामुळे ‘अजून वय आहे’ हे वाक्य आणखी पाच वर्षं म्हणता येऊ लागलं. शिवाय वेळापत्रक. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तोंडावर असताना पुढे ढकलली गेली आणि याच शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. पुढे मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, २०२३च्या सुरुवातीला त्यावर आंदोलनं झाली आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या, तेव्हा पुन्हा रस्त्यावर रात्र काढावी लागली. जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, त्यावरची कोर्टातली केस, मग नेमणूक. या साखळीत कुठला ना कुठला निकाल कायम बाकी असतो, म्हणून थांबायचा दिवस कधी येतच नाही. एक निकाल लागेपर्यंत पुढची जाहिरात निघालेली असते. माझ्या टेबलासमोर बसलेल्या मुलाला ‘सोडलंस का?’ असं मी विचारत नाही. ‘पुस्तकं विकलीस का?’ असं विचारते. ज्यानं बाकी सगळी विकून लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक तेवढं ट्रंकेत ठेवलंय, त्याचं अजून ठरलेलं नसतं.

श्रावणातल्या एका रविवारी जिंतूर तालुक्यातला एक मुलगा आला. वय एकोणतीस, बी.एस्सी. केमिस्ट्री, नांदेडच्या विद्यापीठाची २०१८ची पदवी. हातात पारदर्शक प्लास्टिकची फाइल, तीत सनद, सगळ्या गुणपत्रिका आणि सात वर्षांची सगळी हॉलतिकिटं तारीखवार लावलेली. त्यानं सायबर कॅफेतून करून आणलेला बायोडेटा दीड पानाचा होता. वर वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, मग छंद म्हणून वाचन आणि क्रिकेट, खाली ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ आणि सही. दहावी, बारावी, बी.एस्सी.चा तक्ता होता. तक्त्याखाली २०१८ नंतर काहीच नव्हतं.

‘या सात वर्षांत काय केलंस?’

‘काही नाही ताई. अभ्यास.’

‘राहत कुठं होतास?’

‘अभ्यासिकेतच. म्हणजे दोन वर्षं मीच ती बघत होतो. मालकांनी सीट फुकट दिली होती.’

बघत होतो म्हणजे काय, हे काढून घ्यायला पाऊण तास गेला. एकशे चाळीस सीटची ती अभ्यासिका. कुणाची फी कुठल्या तारखेला संपते, कुणाचं डिपॉझिट परत द्यायचं, कुठली सीट रिकामी, हे सगळं तो आधी वहीत आणि मग एक्सेलमध्ये ठेवत होता. महिन्याला लाखाच्या घरात रक्कम त्याच्या हातून जायची आणि दोन वर्षांत हिशोबात कधी फरक पडला नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत अडकलेल्या मुलांची जिल्हावार यादी त्यानं केली होती आणि गावी जायच्या पाससाठी अर्ज भरून दिले होते. दिवाळी-उन्हाळ्यात गावी गेला की दहावीच्या आठ-दहा मुलांना विज्ञान शिकवायचा. यातलं काहीच त्यानं लिहिलं नव्हतं. नियुक्तीपत्र नव्हतं, पगाराची पावती नव्हती, म्हणून ते काम होतं असं त्याला वाटलंच नाही.

आम्ही जात काढली, छंद काढले, शपथेची ओळ काढली. २०१८ नंतरच्या जागी चार ओळी लिहिल्या. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत. १४० आसनांच्या अभ्यासिकेचं व्यवस्थापन व हिशोब, दोन वर्षं. एक्सेल. विज्ञान विषयाचं अध्यापन. एक पान झालं. छापून हातात दिलं तेव्हा तो ते बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, ‘हे खरंच आहे ना ताई सगळं?’ खोटं काय आहे ते दाखव, मी म्हटलं. त्याला दाखवता आलं नाही.

त्यापुढचा महिना या लेखात तपशिलानं सांगायला हवा, कारण मदत म्हणजे नेमकं काय हे त्यात आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही फक्त जाहिराती वाचल्या. ‘फ्रेशर’ हा शब्द आला की तो जाहिरात बाजूला ठेवायचा, कारण एकोणतिसाव्या वर्षी आपण फ्रेशर कसे? ‘अनुभव एक ते दोन वर्षं’ आलं की तीही बाजूला. असं करत सगळीच कात्रणं बाजूला जायची. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला प्रयोगशाळेत केमिस्ट हवा होता. बी.एस्सी. केमिस्ट्री, शिफ्ट ड्युटी, फ्रेशर चालेल. त्यात वयाचा उल्लेखच नव्हता. तो त्यानं मनातूनच वाचला होता.

दुसऱ्या आठवड्यात फोन. त्यानं वाक्यं कागदावर लिहून काढली, माझ्यासमोर सहा वेळा म्हटली, आणि फोन लावायच्या वेळी खुर्चीतून उठून उभा राहिला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा ‘नंतर करा’ म्हणून ठेवला. त्याच्या कपाळावर घाम होता. हजारो पानं पाठ असलेल्या मुलाला एका अनोळखी माणसाशी दोन मिनिटं बोलायची ही धास्ती मी दर रविवारी पाहते, आणि तिला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. या मुलांनी सात-सात वर्षं फक्त प्रश्नपत्रिकेशी संवाद केलेला असतो. तिसऱ्या फोनला पलीकडच्या साहेबांनी विचारलं, ‘टायट्रेशन येतं का?’ तो म्हणाला, ‘शिकलोय साहेब, पण सात वर्षं हात लावलेला नाही.’ साहेब म्हणाले, ‘हात बसवून या.’

हात बसवायचा कुठं? शहरातल्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमना मी विचारलं. नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी प्राचार्यांची तोंडी परवानगी काढली आणि तीन शनिवार त्याला प्रॅक्टिकलच्या बॅचमागच्या टेबलावर उभं राहू दिलं. ब्युरेट धुण्यापासून सुरुवात. पहिल्या शनिवारी शेवटचा थेंब कायम जास्त पडत होता, फ्लास्क गडद गुलाबी व्हायचा. तिसऱ्या शनिवारी फिकट गुलाबी येऊन थांबायला लागला. मग कारखान्यातल्या मुलाखतीत विचारलं गेलं, ०.१ नॉर्मल कॉस्टिक एक लिटर करायचं तर किती ग्रॅम घ्याल? चार, तो म्हणाला. आणि मग करून दाखवायला सांगितलं.

मुलाखतीत पदवीनंतरच्या गॅपबद्दलही विचारलं गेलं, त्याची तयारी आम्ही करून गेलो होतो. एक गोष्ट मला नोकरी देणाऱ्या माणसांशी बोलून कळली आहे आणि प्रत्येक मुलाला मी ती सांगते. त्यांना मागच्या सात वर्षांची चिंता फारशी नसते, पुढच्या सात महिन्यांची असते. भोसरी, चाकण, रांजणगाव, कुठंही विचारा. मुलगा शिकवून तयार होतो आणि तिसऱ्या महिन्यात ‘मेन्स आहे’ म्हणून रजा मागतो किंवा निकाल लागला की न सांगता जातो, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून गॅप लपवू नये, त्याला आजारपणाचं कारण देऊ नये. सरळ सांगावं, सात वर्षं तयारी केली, दोन वेळा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, आता थांबलोय, या वर्षीचा फॉर्म भरलेला नाही. शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणावं. जिंतूरच्या मुलाचं खरं होतं. हातात साडेसोळा हजार पगार ठरला.

हे सगळं व्हायला एक टेबल, एक प्रयोगशाळा आणि तीन शनिवार लागले. यातल्या कुठल्याच गोष्टीला निविदा काढावी लागत नाही. मग ही मदत पदवीधरांना सरकारी किंवा विद्यापीठाच्या दारात का मिळत नाही, हे शोधायला मी गेले.

माझ्या वडिलांच्या कपाटात त्यांचं सेवायोजन कार्यालयाचं कार्ड अजून आहे, कडा झिजलेलं, मागे नूतनीकरणाचे शिक्के. त्यांच्या पिढीत पदवी हातात पडली की पहिलं काम म्हणजे नाव नोंदवणं, मग ‘कॉल’ची वाट पाहणं. या कार्यालयांचा जन्म फार वेगळ्या गरजेतून झाला. १९४५ साली, दुसरं महायुद्ध संपत असताना, सैन्यातून मोकळे होणारे जवान आणि युद्धकामावरचे मजूर यांना नागरी जीवनात काम मिळावं म्हणून केंद्रात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झालं. बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला तुला आणखी काय येतं हे विचारणं, ते नोंदवणं आणि त्याला दुसऱ्या कामाशी जोडून देणं, हे त्या कार्यालयाचं मूळ काम होतं. आज नव्या पेठेतल्या मुलाला नेमकं तेच हवं आहे.

पुढे १९५९च्या कायद्यानं मालकांना रिक्त जागा या कार्यालयांना कळवणं बंधनकारक झालं. नोंदणीच्या रांगा वाढत गेल्या, जागा तेवढ्या वाढल्या नाहीत, आणि माणसाची चौकशी मागे पडून कार्डाचा क्रमांक तेवढा उरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं निवड केवळ सेवायोजन कार्यालयानं पाठवलेल्या नावांपुरती ठेवू नये, जाहिरातही द्यावी, असं सांगितलं. न्यायाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, पण कार्डाची उरलीसुरली किंमत त्यानं संपली. आता त्या कार्यालयाचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं आहे, नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते, केंद्राची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे, रोजगार मेळावे भरतात. या केंद्रांत कामाला जीव लावणारी माणसं मला भेटली. पण मेळाव्यात एका कंपनीच्या टेबलासमोर दीडशेची रांग असते. तिथं कागद घेतला जातो, प्रश्न विचारायला कुणाला वेळ नसतो.

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचं दार तर या मुलांना बंदच आहे. सेल शेवटच्या वर्षातल्यांसाठी असतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात त्या-त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची प्लेसमेंट मोजली जाते, म्हणून कॉलेजही तेवढीच मोजतं. २०१८ला बाहेर पडून २०२५ला नोकरी शोधणारा मुलगा कुठल्याच तक्त्यात बसत नाही. एका प्लेसमेंट अधिकाऱ्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं, असा माजी विद्यार्थी आला तर त्याला बसवायला खुर्ची आहे, पण त्याच्यासाठी काही करायचं असं त्यांच्या कामाच्या यादीत कुठंच लिहिलेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. पदवी दिल्यावर पुढची किमान दहा वर्षं कॉलेजनं आपल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि प्लेसमेंट सेल वापरू द्यायला हवं. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून कष्ट करत शिकायची वाट घालून दिली, ज्या पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातल्या मुलांना आसरा देते, तिथं एवढी अपेक्षा जास्त नाही.

योजनांकडे पाहिलं तर त्यातही हा मुलगा कडेला पडतो. शिकाऊ उमेदवारीचा १९६१चा कायदा २०१४च्या दुरुस्तीनं बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही लागू झाला. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलांना तिची माहितीच नसते. शिकाऊ उमेदवारी म्हणजे आयटीआय, असंच त्यांना वाटतं. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत वयाची अट २१ ते २४ होती. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत ३५ वर्षांपर्यंतच्या पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन होतं, आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. माझ्याकडे त्यातून आलेल्या चार जणी होत्या, ग्रामपंचायतीत, शाळेत काम केलेल्या. काम मन लावून केलं होतं. मुदत संपल्यावर त्या कामाच्या जोरावर पुढे कुठं जायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. यूपीएससीनं २०१८ पासून मुलाखतीपर्यंत जाऊन निवड न झालेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीनं, नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. या योजनेला आता प्रतिभा सेतू म्हणतात. विचार अतिशय योग्य आहे. फक्त तो सेतू मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांसाठी आहे, आणि माझ्या टेबलासमोर बहुतेक जण पूर्वपरीक्षेतच दोन-चार गुणांनी राहिलेले असतात.

दारं बंद असली की खिडकीतून घ्यायला माणसं उभी असतातच. गेल्या वर्षी एक मुलगी आली, बी.एस्सी. झालेली, परीक्षा सोडून दीड वर्ष झालेलं. एका संस्थेनं साठ हजार घेऊन तिला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा तीन महिन्यांचा कोर्स दिला आणि सोबत तीन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र. ‘सगळे असंच लागतात,’ असं तिला सांगितलं होतं. नोकरी लागली, काम ती प्रामाणिकपणे शिकत होती. चौथ्या महिन्यात कंपनीनं पार्श्वभूमी तपासली. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आहे, कोण कुठं कधी नोकरीला होतं हे त्यात दिसतं. तिच्या नावावर त्या तीन वर्षांचा एक रुपयाही जमा नव्हता. तिला त्याच दिवशी काढलं, आणि आता पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्या चार महिन्यांचं काय सांगायचं हा प्रश्न घेऊन ती माझ्यासमोर बसली होती. खरी गॅप घेऊन आली असती तर मार्ग होता. नोकरीसाठी जो आधी पैसे मागतो, मग ते नोंदणीचे असोत, लॅपटॉपच्या अनामतीचे असोत की पत्राचे, तो नोकरी देत नाही. हे मी टेबलामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.

मुलींची घड्याळं मुलांपेक्षा पुढे असतात. ‘दोन अटेम्प्ट, मग स्थळं बघायची’ या बोलीवर त्या पुण्यात येतात. परीक्षा सोडली असं घरी सांगणं म्हणजे परतीची गाडी पकडणं, म्हणून सोडूनही त्या सांगत नाहीत आणि मेसचा डबा एक वेळचा करून दिवस काढतात. सांगोल्याकडची एक मुलगी अशीच राहत होती. बी.ए. अर्थशास्त्र, परीक्षेची पाच वर्षं. तिला काय येतं याची यादी करताना ती सहज म्हणाली, ‘जीआर वाचायचा कंटाळा येत नाही मला.’ ते वाक्य मी धरून ठेवलं. शासन निर्णय वाचून त्यातली अट, मुदत आणि सक्षम अधिकारी अचूक काढणारी माणसं किती ठिकाणी हवी असतात! डाळिंबाच्या पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला नेमकं तेच हवं होतं. युरोपला डाळिंब पाठवायचं तर बागेची नोंदणी शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाच्या अनारनेट पोर्टलवर लागते, औषधांच्या अवशेषांचे अहवाल लागतात, कागद एक दिवस उशिरा गेला तर माल अडतो. अपेडा हा शब्द तिनं पाच वर्षं एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केला होता. आता ती सकाळी बागायतदारांचे सातबारे तपासते आणि संध्याकाळी नोंदणी पूर्ण करते. पगार अठरा हजार, घरापासून स्कूटीवर अर्धा तास. बागायतदार तिला ‘मॅडम’ म्हणतात, हे तिनं मला फोनवर दोनदा सांगितलं. स्थळांचा विषय घरात अजून आहे, पण आता त्यात तिचं मत विचारलं जातं.

सगळ्यांचं असं होत नाही. या वर्षात टेबलापाशी आलेल्या चाळीसेक जणांपैकी निम्म्यांहून थोडे जास्त कामाला लागले. काही जण परत अभ्यासिकेत वर गेले, जिना चढताना माझ्याकडे न बघता. दोघांनी फोन उचलणं बंद केलं आहे, त्यांची मला काळजी आहे. अशा वेळी बायोडेटा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायला हवं, हे ओळखायला मी हळूहळू शिकतेय. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे आणि ती मराठीतून बोलते, हे अभ्यासिकेच्या दारावर लावलंय.

जिंतूरच्या मुलानं वडिलांना सांगितलं ते रुजू झाल्यावर चार दिवसांनी. फोन स्पीकरवर ठेवून तो माझ्यासमोर बसला होता. पलीकडे थोडा वेळ फक्त म्हशींचा आणि कुणाच्या तरी मोटरसायकलचा आवाज आला. मग वडील म्हणाले, ‘जेवणाची सोय हाय का तिथं?’ आहे म्हटल्यावर, ‘मंग झालं. दिवाळीला ये.’

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्याची रात्रपाळी आहे. भाऊबीजेला तो गावी जाईल.

वाचकहो, तुमच्याही घरी या चार दिवसांत असा कुणी भाचा, पुतणी, शेजारचा मुलगा येईल. त्याला परीक्षेचं विचारू नका. पोटभर वाढा, आणि तो निघताना त्याच्या शिक्षणाशी जुळणाऱ्या कामात असलेल्या, तुमच्या ओळखीच्या एका माणसाचा नंबर त्याला द्या. त्या माणसाला आधी एक फोन मात्र तुम्हीच करून ठेवा.